जोची तहान

जो बसून आहे. अंगात लांबून डोळ्यांत भरेल असा भडक शर्ट, खाली जीन्स, डोक्याला रुंद काठाची हॅट. भोवती वाळकं गवत आणि युकॅलिप्टसची झाडं. तो हलत नाही, हाक मारत नाही, घाम पुसत नाही. कारण तो माणसाच्या आकाराचा पुतळा आहे. आपल्या शेतातलं बुजगावणं पाखरांना हुसकावतं. या बुजगावण्याचं काम उलटं, त्यानं पाखरांना बोलवायचं आहे. पाखरं म्हणजे आत माणूस नसलेली विमानं, आणि बोलावणं एका स्पर्धेचं.

ऑस्ट्रेलियातल्या या ‘यूएव्ही चॅलेंज’ची पहिली खेप २००७ साली झाली. ठिकाण क्वीन्सलँडमधलं किंगरॉय. ब्रिस्बेनपासून दोनएकशे किलोमीटर आत, भुईमुगासाठी नावाजलेलं गाव. क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी आणि सीएसआयआरओ ही तिथली सरकारी संशोधन संस्था, या दोन घरच्या माणसांनी तिची जुळवाजुळव केली. मुख्य विभागाचं नाव ‘आउटबॅक रेस्क्यू’, पुतळ्याचं नाव ‘आउटबॅक जो’, बक्षीस ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. ही झाली दारावरची पाटी. मला बोलायचंय ते तिच्या प्रश्नाबद्दल. एखादी बंदिश पुन्हापुन्हा ऐकावी तसा हा प्रश्न मी गेली काही वर्षं वाचतोय, आणि दर वेळी त्यात एखादी न दिसलेली जागा सापडते.

प्रश्न एवढाच आहे. जो रानात वाट चुकलाय. विमान पाठवा, त्याला शोधा, त्याच्यापासून १०० मीटरच्या आत अर्धा लिटर पाणी टाका आणि विमान परत आणा. वेळ एक तास.

यात ‘समाजोपयोगी’ हा शब्द कुठेच नाही, हे आधी लक्षात घ्या. तो शब्द मला जरा जास्तच परिचयाचा आहे. एका कॉलेजच्या महोत्सवात मी ड्रोन स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘समाजोपयोगी ड्रोन’. एका संघानं फवारणीचा ड्रोन आणला होता. मुलांनी तो मनापासून केला होता, यात शंका नाही. पण सभागृहातच पंप सुरू झाला आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या नुकत्याच मिळालेल्या शाली भिजल्या. हशा झाला, टाळ्याही झाल्या. आम्ही गुण दिले: सादरीकरणाला दहापैकी, नावीन्याला दहापैकी, सामाजिक जाणिवेला दहापैकी. फवारा पिकावर पडला की पाहुण्यांवर, यासाठी गुणपत्रिकेत रकानाच नव्हता. चूक मुलांची नव्हती. चूक प्रश्नाची होती, आणि तो प्रश्न मान्य करून खुर्चीत बसलेल्या आमची.

जुन्या काळी दरबारांत समस्यापूर्ती चालायची. कवीला एक चरण द्यायचा, तोही अडचणीचा, आणि उरलेला श्लोक त्यानं असा रचायचा की तो चरण तिथं सहज बसावा. चरण देणारा किती रसिक आहे, हे कवीनं तोंड उघडण्याआधीच कळून चुकायचं. स्पर्धा भरवणारे आपण समस्या देणारे आहोत हे विसरतात. मैदान, मंडप, चहा, स्मृतिचिन्हं यांतच त्यांचा जीव जातो. किंगरॉयच्या मंडळींनी जीव प्रश्नात घातला.

आता एकेक शब्द घेऊ.

पहिला शब्द ‘जो’. नुसतं ‘लक्ष्य’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. जमिनीवर लाल फुली मारली असती तर खर्चही वाचला असता. पण फुलीला तहान लागत नाही. पुतळ्याला नाव दिलं, हॅट घातली, आणि त्याची कणव यायला लागली. या स्पर्धेबद्दल लिहिणारे ‘लक्ष्य सापडलं’ असं लिहीत नाहीत, ‘जो सापडला’ असं लिहितात. एका नावानं अभियंत्यांची भाषा बदलली. शिवाय हे नाव कुणाचंही असू शकतं, आपल्याकडच्या गणप्या-गंप्यासारखं. हरवलेला माणूस कुणी बडा असता तर त्याच्यासाठी हेलिकॉप्टर निघालंच असतं.

दुसरा शब्द ‘पाणी’, आणि तेही अर्धा लिटर. नुसतं शोधणं पुरेसं नाही, द्यायचंही आहे. शोधण्याला हलकं विमान चालतं. द्यायचं म्हटलं की पोटाखाली अर्धा किलो वजन आलं, ते सोडणारी कळ आली, सोडल्यावर विमानाचा तोल सांभाळणं आलं. शिवाय पाणी हा लबाड ऐवज. डबा पडून चेपला तरी औषध औषधच राहतं; बाटली फुटली की पाणी मातीचं. म्हणजे बाटलीलाही गादी हवी, आणि ती गादी वाऱ्यावर पतंगासारखी भरकटताही कामा नये. एका साध्या वस्तूत किती अडचणी लपल्या आहेत! आणि तरी ती वस्तू शाळकरी पोरालाही कळते. उन्हात चुकलेल्या माणसाला काय द्यावं, याला तज्ज्ञ लागत नाही.

‘१०० मीटर’ या आकड्यावर मी बराच काळ अडलो होतो. एवढी सूट का? विमान इतकं हुशार, तर बाटली मांडीवर का टाकू नये? उत्तर हिशेबात आहे. समजा विमान १०० मीटर उंचीवरून ताशी ९० किलोमीटर वेगानं चाललंय, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. हवेचा अडथळा सोडून दिला तर बाटलीला जमिनीवर यायला साडेचार सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती पुढे ११० मीटरवर गेलेली असते. म्हणजे जो नेमका पायाखाली दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो अजून बराच पुढे असतानाच पाणी सोडायला हवं. त्यात वारा. विमानाला वारा कळतो तो त्याच्या उंचीवरचा, बाटलीला सगळ्या थरांमधून जायचंय. तेव्हा १०० मीटर ही दया नाही, पुरती कसोटी आहे. पण मला त्या आकड्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती नियमावलीत लिहिलेली नाही; माझा अर्थ समजा. थकलेला माणूस १०० मीटर सरपटत जाऊ शकतो. आणि अर्धा किलोची बाटली त्या उंचीवरून डोक्यात बसली तर पुढचं पाणी लागणारच नाही. आकड्यात माणसाच्या दोन्ही बाजू आल्या, त्याची ताकद आणि त्याचं डोकं.

शोधण्याच्या भागात मला सर्वांत जास्त रमायला होतं. इतक्या उंचीवरच्या फोटोत जो म्हणजे चिमूटभर ठिपके. रानात तसे ठिपके हजारो: वाळलेलं झुडूप, पत्र्याचा तुकडा, ऊन खाणारं जनावर. विमान काढतं ते सगळे फोटो रेडिओवरून खाली पाठवायचे तर तास त्यातच जायचा. कॅनबेरायूएव्ही या संघानं यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. फोटो विमानातल्याच छोट्या संगणकानं चाळायचे; जिथं रंग गवतामातीहून वेगळा दिसेल तिथला टपाल तिकिटाएवढा तुकडा कापायचा आणि फक्त ते तुकडे खाली धाडायचे. जमिनीवर पडद्यासमोर बसलेल्या माणसाला दिसते ती तुकड्यांची गोधडी. तो एकेक ठिगळ न्याहाळतो. हे झुडूप, हे झुडूप, ही कसली तरी सावली, आणि हे... हे जीन्सचं निळं आहे का? यंत्र चाळतं, माणूस ओळखतो. तांदूळ निवडणाऱ्या आजीचं बोट ताटात एका जागी थबकावं तसा तो क्षण. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश परीक्षकांना कळवायचे. म्हणजे ‘सापडला बहुतेक’ म्हणायची सोय नाही. कुठं, ते आकड्यांत सांगा.

हा संघ म्हणजे कॅनबेरातली हौशी मंडळी. त्यांच्यात अँड्र्यू ट्रिजेल होते. सांबा आणि आरसिंक या प्रणालींमुळे संगणकवाल्यांना माहीत असलेलं नाव. मोठ्या कंपनीचा पैसा नाही, शनिवार-रविवारचा उद्योग. २०१२ मध्ये त्यांना जो सापडला, पण मोहीम पुरी झाली नाही. तोवर कुणाचीच झाली नव्हती.

आणि इथं मला या स्पर्धेचा मोठेपणा दिसतो. २००७ पासून खेपांमागून खेपा झाल्या आणि ५० हजारांचं ते मुख्य बक्षीस जिथल्या तिथं राहिलं. आयोजकांना चैन पडलं असेल का? पुढाऱ्याला फोटो हवा असतो, प्रायोजकाला मोठा गुळगुळीत धनादेश हातात धरलेली मुलं हवी असतात. ‘जो निदान दिसला तरी, देऊन टाका’ असं कुणी तरी म्हटलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. पण तहानेला ‘निदान’ नसतं. पाणी पोचलं किंवा नाही पोचलं.

पुण्याच्या वाचकांना इथं पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आठवेल. २०२२ मध्ये परीक्षकांनी त्या तोडीची एकांकिकाच नाही म्हणून मुख्य करंडक कुणालाही दिला नाही, आणि केवढा गदारोळ उठला होता! मुलांची उमेद मारली, असं एक म्हणणं. करंडकाची आब राखली, असं दुसरं. मला तेव्हा मुलांची बाजू पटत होती, आजही थोडी पटते, कारण एकांकिका ‘त्या तोडीची’ आहे की नाही हे शेवटी तीन माणसांच्या जाणकारीवर ठरतं, आणि जाणकारीशी भांडता येतं. किंगरॉयला भांडायला जागाच नव्हती. बाटली पडली तिथून जोच्या पुतळ्यापर्यंत टेप धरायची. रिकामा करंडक कलेच्या स्पर्धेत अपमान वाटतो. इथं तो पुढच्या खेपेचं निमंत्रण झाला. हरलेले संघ परत आले. येताना मागच्या वेळी काय बिघडलं त्याची टिपणं घेऊन आले, आणि कित्येकांनी ती इतरांसाठी उघडी केली.

२०१४ च्या सप्टेंबरात पाणी पोचलं, आणि ते एकाहून अधिक संघांचं पोचलं. सात वर्षं कुणाला जमलं नाही, आणि जमलं तेव्हा एकाच वेळी अनेकांना जमलं. मधल्या काळात सगळे एकमेकांकडून शिकत होते याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही. बक्षीस कॅनबेरायूएव्हीनं नेलं.

या प्रश्नातलं एक कलम मात्र असं आहे, की ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर आलं. विमानाला आकाशात एक कुंपण आखून दिलेलं असतं, न दिसणारं. ते ओलांडलं तर विमानानं स्वतःच स्वतःला संपवायचं. स्फोट वगैरे नाही. इंजिन बंद करायचं, शेपटीची आणि पंखांची हलणारी पाती टोकापर्यंत वळवून धरायची, म्हणजे विमान गिरक्या घेत तिथंच खाली येतं, दूर वस्तीकडे तरंगत जात नाही. महिनोन्महिने खपून केलेलं विमान, आणि त्यात सर्वांत आधी बसवायची ती त्याच्या मरणाची कळ. रेडिओचा संपर्क तुटला तर काय, उपग्रहाची दिशा हरवली तर काय, दोन्ही एकदम गेलं तर काय, या प्रत्येकाचं उत्तर उडण्याआधी कागदावर लिहून द्यावं लागे आणि परीक्षकांसमोर करून दाखवावं लागे. मुळात किंगरॉयला पोचण्यासाठीच अहवालांच्या पायऱ्या होत्या. नाव नोंदवणारे पुष्कळ, धावपट्टीवर उभे राहणारे थोडे.

नाटकाच्या भाषेत बोलायचं तर कुंपणाचं हे कलम म्हणजे मूळ कथेतला उपप्रवेश नव्हे, कणा आहे. एकाचा जीव वाचवायला निघालेल्या यंत्रानं दुसऱ्याच्या छपरावर पडायचं नाही. आणि गंमत अशी की जोपेक्षा हे कलमच जास्त टिकलं. या स्पर्धेच्या नियमांसाठी म्हणून लिहिलेली ती सगळी आणीबाणीची व्यवस्था ‘आर्डूपायलट’ या मोफत, खुल्या प्रणालीत गेली आणि आजही तिथं आहे. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ड्रोन जोडणारी मुलं हीच प्रणाली सर्रास वापरतात. किंगरॉय कुठं आहे हे त्यांच्या गावीही नसेल, पण त्यांच्या ड्रोनच्या डोक्यात तिथलं कुंपण आहे.

तुलनेसाठी दुसरी तऱ्हा पाहू. संयुक्त अरब अमिरातीनं २०१४ मध्ये ‘ड्रोन्स फॉर गुड’ हा पुरस्कार जाहीर केला. बक्षीस थेट दहा लाख डॉलर, आणि प्रश्न मोकळा: लोकांच्या भल्यासाठी ड्रोन काय करू शकतो ते दाखवा. २०१५ मध्ये दुबईत तो स्वित्झर्लंडच्या फ्लायएबिलिटीनं जिंकला. त्यांचा गिंबॉल म्हणजे गोल जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेला ड्रोन. भिंतीला धडकतो, गडगडतो, पुढे जातो. पडक्या इमारतीत, धुरात, जिथं धडकणं अटळ आहे तिथं न धडकण्याचा अट्टहासच सोडून द्यायचा, ही कल्पना झकास आहे. काचेवर आपटूनही उडत राहणाऱ्या माशीची ती अक्कल. देशांतर्गत गटात न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी अबुधाबीच्या संघाचा ‘वाडी ड्रोन’ पुढे आला. डोंगरदऱ्यांत वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो तो वरून उडता उडता गोळा करायचा. नाहीतर माणसाला उन्हात तंगडतोड करत एकेका कॅमेऱ्याकडे जावं लागे. दोन्ही कामं नामी. तरीही स्पर्धा म्हणून मला किंगरॉय उजवं वाटतं. दुबईत प्रत्येकानं आपापला प्रश्न आपल्याबरोबर आणला. तो मुक्तछंदाचा मुशायरा झाला, दिलखुलास आणि डोळे दिपवणारा. पण गिंबॉल आणि वाडी ड्रोन यांना एकाच तराजूत घालायचं कसं? तिथं पुन्हा माझ्या त्या गुणपत्रिकेतले दहा-दहाचे रकाने डोकावतात, फक्त खुर्च्या जास्त मऊ.

जोची कथा २०१४ ला संपवून त्याला विश्रांती देता आली असती. तसं झालं नाही. २०१६ मध्ये स्पर्धा डाल्बी या गावी गेली आणि जो आजारी पडला. आता पाणी टाकून भागणार नव्हतं. विमानानं त्याच्याजवळ आपलं आपण उतरायचं, त्याच्या रक्ताचा नमुना घ्यायचा, पुन्हा उडायचं आणि परत यायचं. ‘मेडिकल एक्सप्रेस’ असं त्याचं नाव. तांत्रिक दृष्टीनं हा प्रश्न कितीतरी कठीण. नेऊन टाकणं आणि घेऊन येणं यांत गावाला पत्र पाठवणं आणि गावाहून माणूस आणणं एवढा फरक आहे. आणि तो काळाला धरूनही होता. पाचच वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी ड्रोननं लशी गेल्या. पण रसिक म्हणून माझं मन अजून पहिल्या जोपाशीच आहे. रक्ताचा नमुना समजून घ्यायला डॉक्टर, प्रयोगशाळा, निदान असा मोठा गोतावळा मनात आणावा लागतो. तहानेला कशाचीच गरज नाही.

दोषही सांगायला हवेत. जो फार समजूतदार आहे. तो एका जागी बसतो. खरा चुकलेला माणूस बसत नाही, भेदरून चालत सुटतो. जो मात्र भडक शर्ट घालून हरवतो. उघड्यावर बसतो, झाडाखाली सावली धरून नव्हे, आणि उन्हात तहानलेला माणूस सावलीशिवाय दुसरं काय शोधणार? किंगरॉयचा मुलूख बऱ्यापैकी सपाट, कुठं दरी नाही, कडा नाही. थोडक्यात, प्रश्नकर्त्यानं चरण कठीण दिला, पण वृत्त सोपं ठेवलं. सुरुवातीला ते योग्यच होतं असं मला वाटतं. सोपं ठेवूनही सात वर्षं लागली की.

हे सगळं मी एकदा एका मित्राला तावातावानं सांगत होतो. सह्याद्रीत कुणी कड्यावर अडकलं, दरीत पडलं की दोर घेऊन निघणाऱ्या स्वयंसेवकांपैकी तो एक. माझ्या मनात घाटत होतं की असाच एक प्रश्न आपल्या डोंगरांसाठी लिहावा. पाऊसकाळ, मावळ भागातला एखादा डोंगर, निळ्या रेनकोटातला पुतळा. नावही ठरवलं होतं, पण तो हसेल म्हणून सांगितलं नाही.

“आणि त्याला टाकणार काय?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, “पाण्याची बाटली.”

“जुलैत? अरे, तो नखशिखान्त पाण्यातच बसलाय.”

मग आम्ही खरोखरच विचार करायला लागलो. घोंगडी भिजेल. खाणं हवं, पण आधी तो कुठं आहे ते कळायला हवं. धुक्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि ओरडून ओरडून घसा बसलेला असतो, हे त्यानं सांगितलं. मला ते सुचलं नसतं.

“शिट्टी,” तो म्हणाला. “शिट्टी टाका. घसा बसला तरी फुंकता येते, आणि पावसातही ऐकू येते.”

“पण तो दिसलाच नाही, तर शिट्टी टाकणार कुठं?”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “अंदाजानं टाका की. एकच कशाला, दहा टाका. लाल रंगाच्या. एखादी तरी हाताला लागेल.”

मी वही काढून ‘अर्धा लिटर पाणी’ खोडलं आणि त्यावर लिहिलं: दहा शिट्ट्या, लाल.